सासवडचे न्यायमूर्ती तारकुंडे आणि आपले नागरी स्वातंत्र्य

(अभ्यासपाठ : विहारातील सामुदायिक वाचनासाठी)



पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ येथे दोन वाटा फुटतात. एक भोरला जाते, दुसरी नारायणपूरवरून सासवडला. वेल्ह्याकडील मंडळी चेलाडी फाट्यावरून याच हमरस्त्याला लागतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पण जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे, म्हणून आपणही या पाठात तेच नाव वापरू. या दोन तालुक्यांच्या शेजारी, सासवडला जन्मलेल्या एका माणसाचे चरित्र आज आपणांस अभ्यासावयाचे आहे. त्यांचे नाव न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे. नागरी स्वातंत्र्याच्या भारतातील चळवळीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात.

ते बौद्ध नव्हते. आपल्या समाजातही त्यांचा जन्म झाला नव्हता. मग त्यांचे चरित्र आपण का वाचावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पाठाच्या ओघात येईल. प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ.

१. नागरी हक्क आणि नागरी स्वातंत्र्य

सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरणे, रस्त्याने ताठ मानेने चालणे, हॉटेलात इतरांच्याच कपातून चहा घेणे, मुलाला शाळेत इतरांच्या शेजारी बसविणे, हे नागरी हक्क होत. हे हक्क बहुधा गाव अडवितो. आपले मत बोलणे व छापणे, सभा भरविणे, संघटना करणे, आपल्या सद्सद्विवेकाला पटेल तो धर्म स्वीकारणे आणि विनाकारण तुरुंगात न जाणे, हे नागरी स्वातंत्र्य होय. यावर बहुधा सरकारचा हात पडतो.

नागरी हक्कांचा लढा आपणांस नवा नाही. वरंधा घाट उतरले की महाड येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली झाला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावे लागले. त्यावर दावा झाला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च 1937 मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली. कागदावर लिहिलेला हक्क आपोआप घरी येत नाही, हा त्यातील बोध आहे.

नागरी स्वातंत्र्याचे कामही बाबासाहेबांनी केले आहे. आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही इतकेच. 'देशाचे दुश्मन' या दिनकरराव जवळकरांच्या पुस्तकावरून पुण्यात खटला झाला. आरोपींमध्ये केशवराव जेधे होते. या जेधे घराण्याचे मूळ भोर तालुक्यातील कारी गावचे. खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. अपिलात बाबासाहेबांनी बाजू मांडली आणि 1926 साली आरोपी सुटले. पुस्तकातील भाषा जहाल होती. परंतु जहाल बोलणाऱ्यालाही न्याय्य सुनावणी मिळाली पाहिजे, हे तत्त्व तेथे राखले गेले.

२. सासवडची भूमी

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी याच सासवडला 51 गावांतील महार मंडळींची सभा भरविली आणि सरकारकडे अर्ज केला. मुलांना शाळा, माणसांना सरकारी नोकरी आणि पोलीस-पलटणीत प्रवेश, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आपल्या समाजाने संघटितपणे, सह्यानिशी हक्क मागण्याचा हा फार आरंभीचा प्रयत्न होय.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 3 जुलै 1909 रोजी, सासवडमध्ये तारकुंडे यांचा जन्म झाला. वडील महादेव राजाराम तारकुंडे हे तेथे वकिली करीत. ब्राह्मण असूनही अस्पृश्यतेविरुद्ध ते उभे राहिले. मुलाने पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शिकून 1925 च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला क्रमांक मिळविला. पुढे शेतकी कॉलेजची पदवी घेऊन ते विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, 1932 च्या अखेरीस परतले आणि पुण्यात वकिली करू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सासवड इंग्रजी मुलखात होते. भोर व वेल्ह्याचा बहुतेक प्रदेश भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे आपले आजोबा-पणजोबा हे नागरिक नसून संस्थानिकाची प्रजा होते. प्रजेला मेहेरबानी मिळते, नागरिकाला हक्क मिळतो. राज्यघटना 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आली तेव्हा आपण खऱ्या अर्थाने नागरिक झालो. आणि महारकी वतन कायद्याने जावयास 1959 साल उजाडावे लागले.

३. राजकारणातून न्यायासनाकडे

तारकुंडे आधी काँग्रेस समाजवादी पक्षात होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांशी ओळख झाल्यावर ते त्यांचे सहकारी झाले. 1942 मध्ये चालती वकिली सोडून त्यांनी पक्षाच्या कामाला पूर्ण वेळ वाहून घेतले. सत्ता मिळविण्यासाठी झगडणारा पक्ष माणसाचे स्वातंत्र्य जपू शकत नाही असे रॉय यांना वाटू लागले, आणि 1948 मध्ये त्यांनी पक्षच विसर्जित केला. तारकुंडे पुन्हा वकिलीकडे वळले. 1957 साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मुदत शिल्लक असताना 1969 मध्ये त्यांनी स्वतः ते पद सोडले आणि दिल्लीस सुप्रीम कोर्टात वकिली सुरू केली.

मानाचे व सुरक्षित पद सोडावयास मनाची तयारी लागते. त्यांची ती तयारी होती म्हणून पुढचे काम त्यांच्या हातून झाले.

जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांनी 1974 मध्ये 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संस्था काढली. निवडणूक सुधारणांसाठी जयप्रकाशांनी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. मतदानाचे वय 21 वरून 18 करावे अशी शिफारस त्या समितीने 1975 साली केली. ती गोष्ट प्रत्यक्षात आली 1989 मध्ये. आज आपल्या घरातील अठरा वर्षांची मुलगी मतदान करते, त्यामागे अशा अनेकांचे श्रम आहेत.

४. आणीबाणी : दार बंद झाले तेव्हा

25 जून 1975 च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. पुष्कळांना 'मिसा' कायद्याखाली, आरोप न सांगता, खटला न चालविता ठेवले होते. वर्तमानपत्रांवर सरकारी तपासनीस बसले.

अशा वेळी घटनेने दिलेला मार्ग कोणता? कोर्टात अर्ज करावयाचा : या माणसाला समोर आणा आणि कोणत्या कायद्याने अडकविले ते दाखवा. या अर्जास 'हेबियस कॉर्पस' म्हणतात. घटना समितीत बाबासाहेबांनी ज्या कलमाला घटनेचा आत्मा व हृदय मानले ते कलम 32 हेच, की ज्याने नागरिकाला असा अर्ज घेऊन थेट सुप्रीम कोर्टात जाता येते. आणि अटक झालेल्याला कारण सांगावे, त्याला वकील करू द्यावा, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, हे आजच्या कलम 22 मधील संरक्षण बाबासाहेबांनीच सप्टेंबर 1949 मध्ये मांडले होते. जीविताच्या कलमातून काढून घेतले गेलेले संरक्षण काही अंशी तरी भरून निघावे, हा त्यांचा हेतू होता. खटल्याविना स्थानबद्ध केलेल्यांना मात्र हे 24 तासांचे संरक्षण घटनेने दिलेले नाही, आणि 'मिसा' नेमका तशाच स्थानबद्धतेचा कायदा होता. म्हणून हेबियस कॉर्पस हेच त्यांचे मुख्य दार होते.

नऊ हायकोर्टांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेता येतात असे ठरविले. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. स्थानबद्धांच्या बाजूने ज्या वकिलांनी युक्तिवाद केले त्यांत तारकुंडे होते. एखाद्या अधिकाऱ्याने द्वेषापोटी कुणाचा जीव घेतला तर दाद मागता येईल काय, असे न्या. खन्ना यांनी विचारले. आणीबाणी असेपर्यंत नाही, असे सरकारी बाजूचे उत्तर आले. 28 एप्रिल 1976 रोजी निकाल लागला. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी कोर्टाचे दार बंद केले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढे त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

तारकुंडे हरले, पण स्वस्थ बसले नाहीत. आणीबाणी चालू असतानाच, ऑक्टोबर 1976 मध्ये, 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमॉक्रॅटिक राइट्स' ही संघटना दिल्लीत स्थापन झाली. आचार्य कृपलानी यांनी उद्घाटन केले आणि तारकुंडे कार्याध्यक्ष झाले. 1980 मध्ये तिची फेररचना होऊन ती पी.यू.सी.एल. झाली; तेव्हा ते अध्यक्ष झाले.

त्या हरलेल्या खटल्याचे पुढे काय झाले तेही पाहावे. 1977 मध्ये जनतेने मतपेटीतून उत्तर दिले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने असे ठरले की आणीबाणीतही जीविताचे कलम 21 तहकूब करता येणार नाही. आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी खुद्द सुप्रीम कोर्टाने 1976 चा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. त्या वेळी तारकुंडे हयात नव्हते.

५. आपल्याला न पटणाऱ्यासाठीही

तारकुंडे यांच्या जीवनातील सर्वात अवघड भाग आता येतो. आंध्र प्रदेशात नक्षलवादी तरुण पोलीस चकमकीत मारले गेल्याच्या बातम्या येत. 1977 मध्ये जयप्रकाशांनी चौकशीसाठी समिती नेमली. तारकुंडे तिचे अध्यक्ष झाले. नक्षलवाद्यांचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. तरी समिती गावोगाव गेली, माणसांशी बोलली, आणि चकमकी खोट्या होत्या, पकडून आणलेल्यांना ठार केले होते, असा अहवाल तिने दिला. त्यानंतर सरकारला न्यायिक आयोग नेमावा लागला.

1984 मध्ये दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले. त्यावर 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी'ने अहवाल काढला. पुढच्या वर्षी पंजाबवरचा अहवाल निघाला, त्यावर सरकारने बंदी घातली. देशद्रोह्यांचे कैवारी म्हणून या लोकांना शिव्या मिळाल्या. तारकुंडे यांचे म्हणणे सरळ होते : गुन्हेगाराला शिक्षा कोर्टाने द्यावी, खाकी कपड्यातल्या माणसाने रानात देऊ नये. एकासाठी कायदा गुंडाळला की दुसऱ्यासाठी गुंडाळावयास अडचण राहत नाही.

या विचाराचे महत्त्व आपणांइतके कोणाला कळावे? गावात चोरी झाली की पहिला संशय कोणत्या वस्तीवर जात असे, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. पुराव्यावाचून ज्याला धरून नेत तो बहुधा आपलाच असे. 'त्यांना काय विचारायचे, ते तसलेच' हे वाक्य आपण पिढ्यानुपिढ्या ऐकले आहे. तेच वाक्य दुसऱ्या कुणाविषयी आपल्या तोंडून निघू नये.

६. मर्यादा आणि बोध

तारकुंडे यांना 1998 मध्ये पद्मभूषण मिळाले. 22 मार्च 2004 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ईश्वर न मानता माणसाने नीतीने वागता येते, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या चळवळीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती शहरातली, वकील-प्राध्यापकांची चळवळ राहिली. तिची नजर मुख्यतः सरकारवर होती. परंतु गिरणीत दळण न घेणे, शेतावर मजुरी बंद करणे, दुकानातला माल न देणे, हे सरकारी हुकमाने होत नाही. तेथे तुरुंग नसतो, पण माणूस कोंडला जातो. अशी बातमी दिल्लीला पोहोचत नाही. बाबासाहेबांनी जानेवारी 1943 मध्ये पुण्याला न्या. रानडे यांच्यावरील व्याख्यानात हेच बजावले होते, की हक्कांचे खरे रक्षण समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. ती विरोधात असेल तर कायदा व कोर्ट अपुरे पडतात.

म्हणून तारकुंडे यांच्याकडून आपण काय घ्यावयाचे? त्यांची पद्धत घ्यावी. घटना घडली की तेथे जावयाचे, माणसांना भेटावयाचे, दोन्ही बाजू ऐकावयाच्या, तारीखवार लिहून काढावयाचे, ते जाहीर करावयाचे, आणि मग कोर्टात उभे राहावयाचे. या कामाला मोठी पदवी लागत नाही. लिहिता येणारी एक मुलगी आणि एक वही पुरे आहे.

आणि जन्माचा प्रश्न? वसलसुत्तात भगवंतांनी शिकविले आहे की मनुष्य हीन वा थोर ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे. महाडला बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि सहस्रबुद्धे उभे होते. हा नियम केवळ आपल्या बाजूने लावावयाचा नसतो; दुसऱ्यालाही तोच लावावा लागतो.

७. नवदीक्षित कुटुंबाने काय ध्यानात ठेवावे

पहिली गोष्ट : आपण दीक्षा घेतली ती घटनेच्या कलम 25 मधील सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याने. हेही नागरी स्वातंत्र्यच होय. गुजरात सरकारने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून, हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाण्यासाठी त्या राज्याच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल असे सांगितले. धर्मांतराचे स्वातंत्र्य हा आपल्या घरचा प्रश्न आहे हे यावरून दिसते.

दुसरी : दीक्षेने अनुसूचित जातीचे संरक्षण जात नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचाही त्यात समावेश झाला. गावाने बहिष्कार घातला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा (1989, दुरुस्ती 2015) आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (2016) हे दोन्ही आहेत.

तिसरी : फिर्याद तोंडी सांगितली तरी पोलिसांनी ती लिहून, वाचून दाखवून, तिची प्रत फुकट द्यावयाची असते. ठाण्यात घेतली नाही तर पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी व पोच जपून ठेवावी. तेवढ्यानेही काम न झाल्यास मॅजिस्ट्रेटकडे जाता येते.

चौथी : कुणाला पोलिसांनी नेले तर कोणी, कधी, कोठे नेले ते लगेच लिहावे. 24 तासांचा नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावा. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करावयाची नाही, असा सर्वसाधारण नियम आहे; अपवाद करावयाचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

पाचवी : वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

शेवटची : बहिष्कार, मारहाण, अन्याय यांची नोंद करणारी वही विहारात ठेवावी. तीत केवळ आपल्या वस्तीच्याच नव्हे, तर कातकरी पाड्यावरील वा परगावाहून आलेल्या मजुरावरील अन्यायाचीही नोंद व्हावी. 1976 मध्ये कोर्टाचे दार बंद झाले तेव्हा बाहेर काही माणसे लिहीत, बोलत, जमत राहिली, म्हणून ते पुन्हा उघडले. आपल्या गावातही असे दार कधी बंद होईल. तेव्हा बाहेर उभे राहणारे आपण असले पाहिजे, मग आत अडकलेला कोणीही असो.

चर्चेसाठी प्रश्न

1. नागरी हक्क आणि नागरी स्वातंत्र्य यांचे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या गावातून द्या.
2. ज्यांचा मार्ग पटत नव्हता त्यांच्यासाठी तारकुंडे यांनी चौकशी का केली? तुम्ही केली असती काय?
3. बोले ठराव 1923 चा, हायकोर्टाचा निकाल 1937 चा. मधल्या काळात लोकांनी काय काय केले ते वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या.
4. विहारातील वही कोण लिहील, हे आजच्या बैठकीतच ठरवा.

जय भीम. नमो बुद्धाय.